प्रोग्रामिंगच्या अभ्यासासाठी हलका लॅपटॉप : तीन यंत्रांचे परीक्षण

दीड किलोच्या आतला लॅपटॉप घेणारा विद्यार्थी खरेदीच्याच दिवशी एक निर्णय कायमचा करून टाकतो, आणि तो आपण केला होता हे त्याला बहुधा दीड-दोन वर्षांनी कळते. हा निर्णय रॅमचा, म्हणजे चालू कामे तात्पुरती लक्षात ठेवणाऱ्या मेमरीचा. जाडजूड लॅपटॉपचे मागचे झाकण उघडून रॅमची पट्टी बदलता येते. हलक्या लॅपटॉपांपैकी बहुतेकांत मात्र रॅमच्या चिपा मदरबोर्डावर सोल्डर केलेल्या असतात किंवा थेट प्रोसेसरच्या शेजारी एकाच तुकड्यावर बसवलेल्या असतात, त्यामुळे ८ जीबीचे घेतलेले यंत्र शेवटपर्यंत ८ जीबीचेच राहते. मी एक हलके यंत्र पार थकेपर्यंत वापरले आणि त्यानंतर तीन यंत्रांवर प्रत्येकी काही महिने रोजचा अभ्यास केला : ॲपलचा मॅकबुक एअर, लेनोवोचा थिंकपॅड एक्स१ कार्बन आणि फ्रेमवर्क लॅपटॉप १३. प्रोग्रामिंग शिकणाऱ्याच्या हाताला आणि डोळ्यांना ही यंत्रे कशी वाटतात, आणि कोणत्या गोष्टी खरेदीपूर्वीच तपासायला हव्यात, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

माझे पहिले यंत्र १.२ किलोचे होते आणि त्यात ८ जीबी सोल्डर केलेली रॅम होती. ते कोणत्या कंपनीचे होते याला येथे महत्त्व नाही, कारण तशा रचनेची यंत्रे जवळजवळ प्रत्येक कंपनी विकते. पहिले वर्षभर त्याने मला काहीही कमी पडू दिले नाही. सी आणि पायथनमधल्या शे-दोनशे ओळींच्या प्रोग्रामांना कोड लिहिण्याचा एडिटर, तो यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपाइलर आणि आज्ञा टाइप करायचे टर्मिनल एवढेच पुरे होते. व्हीएस कोड या एडिटरची अधिकृत किमान गरज अवघी १ जीबी रॅम अशी दिलेली आहे आणि एडिटरपुरती ती खोटीही नाही. परंतु शिकणारा माणूस नुसता एडिटर उघडून कधीच बसत नाही. दुसऱ्या वर्षी शेजारी ब्राउझर आला आणि त्यात भाषेच्या संदर्भपुस्तिकेची, प्रश्नोत्तरांची, व्याख्यानाच्या व्हिडिओची मिळून वीस-पंचवीस पाने उघडी राहू लागली. एडिटर स्वतःही आतून ब्राउझरच्याच इंजिनावर चालतो, हे तेव्हा माझ्या गावीही नव्हते. त्याच्या पाठीमागे प्रत्येक भाषेसाठी एक वेगळा प्रोग्राम चालू असतो, जो संपूर्ण प्रकल्पाची सूची स्मरणात ठेवून आपल्याला चुका दाखवतो आणि पुढचे शब्द सुचवतो. तो मोठ्या प्रकल्पात एकटाच एक-दोन जीबी सहज घेतो. त्यात कंटेनरमधला, म्हणजे आपल्या साऱ्या साहित्यासह वेगळ्या कप्प्यात चालणारा, डेटाबेस आणि फोनची नक्कल करणारा अँड्रॉइडचा एम्युलेटर यांची भर पडली, तेव्हा रॅम संपून ऑपरेटिंग सिस्टीम उरलेला भार एसएसडीवर, म्हणजे फाइली कायमच्या साठवणाऱ्या चिपांवर, टाकू लागली.

एसएसडी कितीही वेगवान असली तरी ती रॅमची जागा घेऊ शकत नाही. एडिटरमधून ब्राउझरमध्ये जाताना खिडकी क्षणभर कोरी दिसे, टाइप केलेले अक्षर उमटायला वेळ लागे, आणि एम्युलेटर चालू करायचा म्हणजे आधी बाकी सगळे बंद करायचे, असा शिरस्ता पडला. यातले खरे नुकसान वेळेचे नव्हते. प्रोग्रामिंग शिकणे म्हणजे थोडे लिहायचे, चालवून पाहायचे, चुकले तर सुधारायचे आणि पुन्हा चालवायचे. हे चक्र दिवसातून शंभर वेळा फिरले तरच हात बसतो. प्रत्येक फेरीला अर्धा मिनिट थांबावे लागले की माणूस नकळत कमी वेळा चालवून पाहतो, एकदम पन्नास ओळी लिहून मग चाचणी घेतो, आणि चूक नेमकी कोठे झाली हे शोधण्यात संध्याकाळ घालवतो. ही वाईट सवय मला त्या यंत्राने लावली, आणि ती मोडायला नवे यंत्र आल्यानंतरही बरेच दिवस गेले.

कंपन्या रॅम सोल्डर का करतात, याला तांत्रिक कारण आहे आणि ते मान्य करायला हवे. हलक्या लॅपटॉपमध्ये वापरली जाणारी कमी विजेची रॅम प्रोसेसरच्या जितकी जवळ असेल तितकी ती कमी विजेत जास्त वेगाने चालते. शिवाय पट्टी बसवण्याच्या खाचेची जाडी वाचते. ॲपलच्या एम१पासूनच्या चिपांमध्ये आणि इंटेलने २०२४मध्ये आणलेल्या कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेत तर रॅम प्रोसेसरच्याच तुकड्यावर असते, आणि या यंत्रांची बॅटरी दीर्घकाळ टिकण्यामागे हेही एक कारण आहे. कमी विजेची रॅम बदलता येईल अशा रूपात आणणारे एलपीकॅम२ नावाचे छोटे फलक निघाले आहेत आणि लेनोवोने २०२४च्या थिंकपॅड पी१मध्ये ते वापरलेही, पण हलक्या यंत्रांत ते अजून अपवादानेच दिसतात. तेव्हा सोल्डर केलेली रॅम म्हणजे फसवणूक नव्हे. फक्त ती घेताना आजच्या नव्हे, तर शेवटच्या वर्षाच्या गरजेचा हिशेब करावा लागतो.

माझ्या अनुभवात तो हिशेब असा उतरतो : १६ जीबीपेक्षा कमी रॅमचे, वाढवता न येणारे यंत्र प्रोग्रामिंगच्या अभ्यासासाठी आज घेऊ नये. अँड्रॉइडचे काम करायचे असेल, किंवा एकाच वेळी दोन-तीन आभासी यंत्रे चालवून नेटवर्क वा ऑपरेटिंग सिस्टीमचे प्रयोग करायचे असतील, तर ३२ जीबीचा विचार करावा. विंडोजवर डब्ल्यूएसएल या सोयीच्या आत लिनक्स चालवणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की त्या लिनक्सला मूळ मांडणीत यंत्राच्या एकूण रॅमपैकी निम्म्यापर्यंतच रॅम मिळते. म्हणजे ८ जीबीच्या यंत्रात आतल्या लिनक्सच्या वाट्याला जास्तीत जास्त ४ जीबी येते आणि विंडोजला उरलेल्यात भागवावे लागते. मॅकबुक एअरच्या पायाभूत आवृत्तीत ॲपलने ऑक्टोबर २०२४मध्ये ८ऐवजी १६ जीबी रॅम द्यायला सुरुवात केली. त्यामुळे त्याआधीचा एअर वापरलेला म्हणून घेणाऱ्याने पहिली चौकशी रॅमची करावी, कारण ८ आणि १६ जीबीची यंत्रे बाहेरून तंतोतंत सारखी दिसतात.

साठवणुकीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. २५६ जीबी लवकर भरते, ५१२ जीबी पुरते. एक्स१ कार्बन आणि फ्रेमवर्क या दोन्हींत एसएसडी पुढे बदलता येते, मॅकबुक एअरमध्ये येत नाही. म्हणून एअर घेताना हाही निर्णय पहिल्याच दिवशी करावा लागतो. २०२२च्या एम२ एअरच्या २५६ जीबी आवृत्तीत साठवणुकीची एकच चिप असल्याने तिचा वेग आधीच्या एम१पेक्षाही कमी भरला होता, हे वापरलेले यंत्र घेणाऱ्यांना माहीत असावे. काही स्वस्त यंत्रांत एसएसडीच्या जागी ईएमएमसी नावाची संथ साठवणूक असते. वेबसाइटच्या एका साध्या प्रकल्पातही हजारो लहान लहान फाइली असतात आणि त्या उतरवून घेताना ईएमएमसी अक्षरशः गुडघे टेकते.

आता पडद्याकडे वळू, कारण रॅमनंतर सर्वांत जास्त फरक मला पडद्याने जाणवला, आणि तोही तपशिलाच्या तक्त्यात ज्या आकड्याकडे आपण पाहतो त्याने नव्हे. पडद्याचे माप कर्णाने देतात, पण कोड वरून खाली वाचला जातो, म्हणून प्रोग्रामरच्या दृष्टीने उंची महत्त्वाची. १४ इंची पडदा रुंदी-उंचीच्या १६:९ प्रमाणाचा असेल तर त्याची उंची सुमारे १७.४ सेंटीमीटर भरते. तोच १४ इंची पडदा १६:१० प्रमाणाचा असेल तर १८.८ सेंटीमीटर. फ्रेमवर्कचा पडदा कर्णाने १३.५ इंचच आहे, परंतु ३:२ प्रमाणामुळे त्याची उंची १९ सेंटीमीटर होते, म्हणजे १५.६ इंची रुंद पडद्याच्या १९.४ सेंटीमीटर उंचीच्या अगदी जवळ. हा हिशेब मी कागदावर मांडला तेव्हा मलाच आश्चर्य वाटले. आडव्या पडद्यावर खाली टर्मिनल उघडले की वर कोडसाठी जेमतेम अर्धे फंक्शन दिसेल एवढी फट उरते. उंच पडद्यावर पूर्ण फंक्शन आणि त्याखाली चुकीचा संपूर्ण संदेश एकाच नजरेत येतो, आणि नवख्याला नेमके तेच हवे असते, कारण संदेशातला ओळ क्रमांक आणि ती ओळ यांच्यात त्याची नजर सतत ये-जा करत असते.

एक्स१ कार्बन २०२१च्या नवव्या पिढीपासून १६:१० प्रमाणाचा झाला; त्याआधीच्या पिढ्या १६:९च्या आहेत. वापरलेला एक्स१ पुष्कळजण घेतात, त्यांनी ही रेषा ध्यानात ठेवावी. १९२०×१०८०ऐवजी १९२०×१२०० बिंदूंचा पडदा मिळणे म्हणजे उभ्या दिशेने १२० बिंदू जास्त मिळणे, आणि एका ओळीला २० बिंदू धरले तर कोडच्या सहा ओळी जास्त दिसणे. मॅकबुक एअरच्या एम१ आवृत्तीत १३.३ इंचांवर २५६०×१६०० बिंदू आहेत, त्यामुळे अक्षरे छापील पुस्तकासारखी कातीव दिसतात आणि चार-पाच तास वाचूनही डोळे शिणत नाहीत. केवळ अक्षरांच्या देखणेपणावर निवड करायची असती तर मी एअरलाच पहिली जागा दिली असती. मात्र त्याचा पडदा चकचकीत आहे, आणि काळ्या पार्श्वभूमीवर कोड लिहिण्याची सवय असलेल्यांना खिडकीकडे पाठ करून बसल्यावर त्यात स्वतःचा चेहराच जास्त दिसतो. एक्स१ कार्बनचा मी वापरलेला पडदा चकाकीरहित होता आणि वाचनालयाच्या दिव्यांखाली तो सर्वांत सुखाचा वाटला. फ्रेमवर्कने २०२१च्या पहिल्या आवृत्तीत चकचकीत पडदा दिला होता, २०२३पासून चकाकीरहित दिला.

फ्रेमवर्कच्या पडद्याबाबत एक बारकावा सांगितला पाहिजे. त्याचे मूळ बिंदू २२५६×१५०४ आहेत. अक्षरे दुप्पट मोठी केली तर पडद्यावर फारच थोडे मावते आणि मूळ आकारात ठेवली तर ती फार बारीक दिसतात, म्हणून दीडपटीचा मधला मार्ग घ्यावा लागतो. विंडोजला हे जमते. लिनक्सवर मात्र काही जुने प्रोग्राम अशा अपूर्णांकी आकारात पुसट दिसतात. नंतर आलेल्या २८८०×१९२० बिंदूंच्या पडद्यावर सरळ दुप्पट आकार ठेवला तरी कामाला पुरेशी जागा उरते, आणि लिनक्स वापरणाऱ्यांनी शक्य असल्यास तोच निवडावा.

कीबोर्डबद्दल लिहिताना मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण परीक्षणांतून त्याविषयी ‘चांगला’ किंवा ‘बरा’ एवढाच शब्द आढळतो आणि निबंध लिहिणाऱ्यासाठी चांगला असलेला कीबोर्ड प्रोग्रामरसाठी चांगला असेलच असे नाही. आपल्याला महिरपी कंस, चौकटी कंस, तिरक्या रेघा, अधोरेखा आणि अर्धविराम अखंड लागतात. चुका शोधणाऱ्या डीबगरमध्ये एक-एक ओळ पुढे सरकताना एफ५, एफ१०, एफ११ या कळा लागतात. ओळीच्या सुरुवातीला आणि शेवटी उडी मारण्यासाठी होम आणि एंड लागतात. हलक्या यंत्रांत जागा वाचवताना पहिली कुऱ्हाड याच कळांवर पडते. काही यंत्रांत एफ-कळांचे मूळ काम आवाज आणि प्रकाश बदलण्याचे असते आणि एफ१० हवी असेल तर सोबत एफएन दाबावी लागते. ही मांडणी उलटवता येते का, हे घेण्याआधी पाहावे. काही यंत्रांत यंत्र बंद करायची कळ डिलीटच्या शेजारी असते, आणि घाईत कोणती कळ दाबली जाईल याचा भरवसा नसतो.

एक्स१ कार्बनचा कीबोर्ड या तिघांत मला सर्वांत आवडला. कळांना किंचित खोलगट आकार आहे, त्या दीड मिलिमीटर खाली जातात आणि पानभर वर-खाली नेणाऱ्या कळा बाणांच्या डोक्यावरच आहेत. कीबोर्डच्या मध्यावरचा लाल ठिपका सुरुवातीला निरुपयोगी वाटला. दोन आठवड्यांनी बोटे मूळ जागेवरून न हलवता दर्शक हलवता येतो हे अंगवळणी पडले आणि मग तो सुटेना. मात्र २०२४पूर्वीच्या पिढ्यांत खालच्या डाव्या कोपऱ्यात कंट्रोलच्या जागी एफएन आहे. कंट्रोल आणि सी दाबून चालू प्रोग्राम थांबवणे ही ज्यांची दर मिनिटाची कृती, त्यांना हा बदल फार खुपतो. बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ मांडणीत, जाऊन या दोन कळांची अदलाबदल करता येते, ती पहिल्याच दिवशी करावी. २०२४च्या बाराव्या पिढीत कंपनीनेच कंट्रोल कोपऱ्यात आणला.

मॅकबुक एअरच्या कळा सुमारे एकच मिलिमीटर खाली जातात. त्या स्थिर आहेत, आवाज करत नाहीत, पण दिवसभर टाइप केल्यावर टेबलावर बोटे आपटल्यासारखी माझी बोटे दुखत. होम आणि एंड या कळाच नाहीत. त्यांचे काम कमांड आणि बाण यांच्या जोडीने करावे लागते, आणि ज्यांना महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत विंडोज किंवा लिनक्स वापरावे लागते त्यांच्या बोटांचा दोन सवयींत कायम गोंधळ उडतो. याच्या भरपाईला एअरचा टचपॅड आहे, जो तिन्ही यंत्रांत निर्विवादपणे श्रेष्ठ आहे. फ्रेमवर्कच्या कळाही दीड मिलिमीटर खाली जातात आणि हाताला मोकळ्या लागतात. वर आणि खाली नेणारे बाण मात्र अर्ध्या उंचीचे आहेत.

ऑपरेटिंग सिस्टीमची निवड आवडीवर सोडावी असे म्हणतात. माझे मत वेगळे आहे : ती आधी अभ्यासक्रमाला विचारावी. आयफोनसाठी ॲप बनवायला शिकायचे असेल तर एक्सकोड लागते आणि ते मॅकवरच चालते. पूर्ण व्हिज्युअल स्टुडिओ आता फक्त विंडोजसाठी आहे, कारण त्याची मॅकसाठीची आवृत्ती मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२४मध्ये बंद केली. असेंब्ली भाषा शिकवताना बहुतेक अभ्यासक्रम इंटेल आणि एएमडी वापरतात तो एक्स८६ प्रकारचा प्रोसेसर गृहीत धरतात, आणि ॲपलच्या एम मालिकेचे तसेच क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन एक्स मालिकेचे प्रोसेसर आर्म प्रकारचे असल्याने पुस्तकातला कोड त्यांच्यावर थेट चालत नाही. अनुवाद करणाऱ्या थराच्या मदतीने तो चालवता येतो, पण शिकताना हा एक जादा अडसर मध्ये येतो. कंटेनरांचेही तसेच आहे : आर्मसाठी तयार केलेले कंटेनर एअरवर झपाट्याने चालतात, एक्स८६साठीचे अनुकरणाने आणि म्हणून सावकाश. एक लहानशी गोष्ट मला मॅकवर फार महागात पडली. त्याची फाइलव्यवस्था मूळ मांडणीत लॅटिन लिपीतील लहान आणि मोठ्या अक्षरांत फरक मानत नाही. मी फाइलचे नाव मोठ्या अक्षराने ठेवले, कोडमध्ये लहान अक्षराने लिहिले, माझ्याकडे सर्व सुरळीत चालले आणि परीक्षकांच्या लिनक्स यंत्रावर प्रकल्प कंपाइलच झाला नाही.

सर्वसाधारण अभ्यासक्रमासाठी माझी पसंती लिनक्स चालणाऱ्या यंत्राला आहे, मग ते थेट बसवलेले असो किंवा विंडोजच्या आत डब्ल्यूएसएलमध्ये असो. डब्ल्यूएसएल वापरताना प्रकल्पाच्या फाइली विंडोजच्या फोल्डरात न ठेवता लिनक्सच्या स्वतःच्या घरात ठेवाव्यात. दोन व्यवस्थांच्या सीमेवरून प्रत्येक फाइल वाचावी लागली की सारे काम रखडते, आणि या एका बदलाने माझ्या एका प्रकल्पाची बांधणी कित्येक पटींनी लवकर होऊ लागली. एक्स१ कार्बन आणि फ्रेमवर्क या दोन्हींवर लिनक्सने वायफाय, ध्वनी आणि टचपॅड यांसाठी मला वेगळी खटपट करायला लावली नाही. एम१ आणि एम२ एअरवर ‘असाही लिनक्स’ नावाच्या प्रकल्पाच्या मेहनतीमुळे लिनक्स चालते, आणि त्या मंडळींच्या कामाबद्दल मला आदर आहे. तरी नवख्याने पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नये असेच मी सुचवीन.

बॅटरीचा आकडा वॅट-तासांत लिहिलेला असतो आणि तो समजून घ्यायला सोपा आहे : ५५ वॅट-तासांची बॅटरी असलेले यंत्र सरासरी ७ वॅट वीज घेत असेल तर ते जवळजवळ आठ तास चालेल. म्हणून बॅटरी किती मोठी आहे याइतकेच यंत्र किती कमी विजेवर चालते हे महत्त्वाचे ठरते. एम१ एअरची बॅटरी ४९.९ वॅट-तासांची, म्हणजे फ्रेमवर्कच्या मूळ ५५ आणि एक्स१च्या नवव्या पिढीतल्या ५७ वॅट-तासांपेक्षा लहान. तरीही सकाळी चार्जर घरी ठेवून निघण्याची हिंमत मी फक्त एअरच्या बाबतीत केली. उरलेल्या दोघांसाठी चार्जर पिशवीत असतो. तिन्ही यंत्रे यूएसबी-सी मार्गाने चार्ज होतात, त्यामुळे फोनचा आणि लॅपटॉपचा मिळून एकच लहान चार्जर पुरतो, आणि ही सोय नसलेले हलके यंत्र आता घेऊच नये.

झाकण मिटल्यावर यंत्र कसे झोपते, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे. अलीकडच्या बऱ्याच विंडोज यंत्रांत जुनी गाढ झोप उरलेली नाही. त्यांची नवी झोप फोनसारखी, अर्धवट जागी असते. माझ्या पहिल्या यंत्राने एकदा पिशवीत असतानाच जागे होऊन दोन तास पंखा फिरवला, आणि प्रात्यक्षिक परीक्षेच्या दालनात मी ते बाहेर काढले तेव्हा ते हात पोळेल इतके तापले होते आणि बॅटरी ४ टक्के उरली होती. त्या दिवसापासून, झाकण मिटले की यंत्राने सारे काम एसएसडीवर लिहून पूर्ण बंद व्हावे, म्हणजे हायबरनेट व्हावे, अशी मांडणी मी प्रत्येक यंत्रात करते. उघडताना काही सेकंद जास्त लागतात, ते मला मान्य आहेत.

प्रोसेसरवर मी मुद्दामच थोडके लिहीत आहे, कारण विद्यार्थ्याचे कंपाइल करण्याचे काम पाच-दहा सेकंदांच्या झटक्यांचे असते आणि गेल्या काही वर्षांतला कोणताही मध्यम दर्जाचा प्रोसेसर ते पेलतो. मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही. दीर्घकाळ जोराचे काम दिले की तापू नये म्हणून तो वेग कमी करतो, परंतु अभ्यासात अशी वेळ क्वचित येते आणि त्याची शांतता रोज उपयोगी पडते. न्यूरल नेटवर्क शिकण्यासाठी एनव्हीडियाचे ग्राफिक्स कार्ड लागते म्हणून जड गेमिंग लॅपटॉप घेणारेही मी पाहिले आहेत. त्या कामासाठी दूरचे यंत्र वापरून टर्मिनलमधून तेथे काम करणे शिकावे. ते कौशल्य पुढे नोकरीतही लागतेच.

वजनाविषयी एकच सांगणे आहे. तक्त्यातले वजन चार्जर सोडून असते. मॅकबुक एअर एम१ १.२९ किलोचा, नंतरचा एम२ १.२४ किलोचा, फ्रेमवर्क सुमारे १.३ किलोचा आणि एक्स१ कार्बन पिढीनुसार सुमारे १.१ किलोचा, यांतले शे-दीडशे ग्रॅमचे फरक जड चार्जर आणि पडद्यासाठीचे जोडयंत्र (अडॅप्टर) एका फटक्यात पुसून टाकतात. एअरला दोनच यूएसबी-सी जागा आहेत, म्हणून वर्गातल्या प्रोजेक्टरसाठी जोडयंत्र बाळगावे लागते. मी वापरलेल्या एक्स१मध्ये पूर्ण आकाराची एचडीएमआय आणि यूएसबी-एच्या दोन जागा होत्या. फ्रेमवर्कमध्ये चार खाचा आहेत आणि त्यांत कोणती जोडणी बसवायची हे आपण ठरवतो. बाहेरचे पडदे किती जोडता येतात हेही पाहावे : एम१ आणि एम२ एअरला एकच जोडता येतो, एम३ला झाकण मिटून दोन, आणि एम४ला झाकण उघडे ठेवूनही दोन.

फ्रेमवर्कबद्दल माझ्या मनात जो जिव्हाळा आहे तो लपवण्याचे कारण नाही. १.३ किलोच्या यंत्रात रॅम, एसएसडी, बॅटरी, कीबोर्ड, पडदा, इतकेच नव्हे तर प्रोसेसरसह संपूर्ण मदरबोर्ड घरी बदलता येतो. सोबत आलेल्या एकाच स्क्रूड्रायव्हरने ते उघडते आणि आतल्या भागांवर छापलेला क्यूआर कोड वाचला की तो भाग काढण्याची कृती समोर येते. सुरुवातीला मांडलेली अडचण, म्हणजे पहिल्या दिवशीचा निर्णय कायमचा ठरण्याची, या यंत्राने पुष्कळशी सोडवली आहे : १६ जीबीवर सुरुवात करावी आणि दोन वर्षांनी लागली तर दुसरी पट्टी घालावी. यंत्र हे झाकलेले गूढ नसून उघडून समजून घेण्याची वस्तू आहे, हे संगणक शिकणाऱ्याला हाताने कळणे मला मोलाचे वाटते. मात्र कंपनी आपला माल मोजक्याच देशांत विकते आणि दुरुस्ती बहुतांशी आपली आपणच करायची असते. ज्याला यात रस नाही, बॅटरी दिवसभर हवी आहे आणि अभ्यासक्रम मॅकवर निभतो, त्याने १६ जीबीचा एअर निःशंक घ्यावा. ज्याचे दिवसाचे सात-आठ तास टाइप करण्यात जातात त्याने एक्स१ कार्बन पाहावा, आणि वापरलेला घेत असेल तर नवव्या किंवा त्यानंतरच्या पिढीचा, १६ जीबीचाच पाहावा.

माझ्या धाकट्या बहिणीने यंदा संगणकशास्त्राला प्रवेश घेतला. तिच्यासाठी आम्ही वापरलेला एक्स१ कार्बन निवडला, कारण तिला लिनक्स शिकायचे आहे आणि ती माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने टाइप करते. परत करण्याची मुदत संपण्याआधी आम्ही त्याची कसून परीक्षा घेतली. विंडोजमधल्या पॉवरसीएफजी आज्ञेने बॅटरीचा अहवाल काढून मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी ठेवली. मुळातल्या क्षमतेपैकी ८६ टक्के शिल्लक होती. मग तिच्या दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमातली साधने एकाच वेळी उघडली : एडिटर, वीस पानांचा ब्राउझर, कंटेनरमधला डेटाबेस आणि एम्युलेटर. टास्क मॅनेजरमध्ये १६पैकी सुमारे १३ जीबी भरलेली दिसली आणि टाइप केलेले अक्षर लगेच उमटत होते. शेवटी तिने बायोसमध्ये जाऊन एफएन आणि कंट्रोलची अदलाबदल केली, आणि यंत्र तिच्या टेबलावर गेले.